पेडल, सेन्सर आणि ‘यात नवे ते काय?’



पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर आधी पाहिले की गणित सोपे वाटते. शोधांचेही तसेच आहे. मग एखादी युक्ती पेटंट देण्याजोगी आहे, की कुशल कारागिराला सहज सुचणारी, हे ठरवायचे कसे? अमेरिकेतील एक खटला पाहू या.

मोटारीचा ॲक्सिलरेटर पूर्वी तारेने इंजिनाला जोडलेला असे. पुढे इंजिनावर संगणकाचे नियंत्रण आले आणि पेडल किती दाबले हे सेन्सर कळवू लागला. उंच-बुटक्या चालकांसाठी पुढे-मागे सरकणारी पेडलेही निघाली. स्टीव्हन एंगेलगाऊ यांनी सरकत्या पेडलच्या न हलणाऱ्या आसाशी सेन्सर जोडला व पेटंट मिळवले. त्या पेटंटच्या आधारे टेलिफ्लेक्स कंपनीने २००२ मध्ये कॅनडातील केएसआर कंपनीवर दावा लावला.

केएसआर म्हणाली, “यात नवे ते काय?” आधीची पेटंटे अशी होती :

१. असानो : पेडल सरकले तरी आस जागचा हलत नाही.
२. रिक्सन : सरकत्या पेडलवर सेन्सर, पण पेडल दाबता-सोडताना तारा घासत.
३. स्मिथ : तारा झिजू नयेत म्हणून सेन्सर न हलणाऱ्या भागावर बसवावा.

आता तुम्हीच सांगा, हे तिन्ही कागद समोर असलेला अभियंता काय करील?

जिल्हा न्यायालयाने केएसआरच्या बाजूने निकाल दिला. २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. त्याचे म्हणणे असे की, हे भाग एकत्र जोडण्याची नेमकी सूचना किंवा प्रेरणा दाखवायला हवी. असानोचा हेतू तर वेगळाच होता. पेडल कुठेही सरकवले तरी ते दाबायला सारखाच जोर लागावा, एवढेच त्यांना साधायचे होते.

३० एप्रिल २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने केएसआरच्या बाजूने निकाल दिला. कुशल कारागीर म्हणजे यंत्र नव्हे. एका कामासाठी केलेली वस्तू तो दुसऱ्या कामीही लावतो. उत्तर माहीत झाल्यावर मागे वळून पाहण्याचा धोका न्यायालयाने मान्य केला, पण त्यासाठी ताठर नियम करून व्यवहारज्ञान बाजूला सारता येणार नाही, असे सांगितले.

आपल्याकडेही हा प्रश्न आला होता. भांडी लेथवर घट्ट धरण्याच्या साधनाचे पेटंट १९७८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. ती केवळ कारखान्यातील किरकोळ सुधारणा आहे, असे न्यायालयाचे मत पडले.

पेटंट सढळ हाताने दिले तर साध्या सुधारणेसाठीही कारागिराला परवानगी मागावी लागेल. फारच आखडून दिले तर संशोधक कष्ट कशाला घेईल? तोल सांभाळायचा तो इथेच.

स्वाध्याय : घरातील दोन साध्या वस्तू जोडून एक नवी वस्तू सुचवा. ती ‘शोध’ का ठरावी, हे पाच वाक्यांत लिहा. मग वही मित्राकडे द्या आणि त्याला ‘यात नवे ते काय?’ असे विचारू द्या.