उबदार स्वर येतो कोठून?



गोधडी उबदार असते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आवाज उबदार असू शकतो का? इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, "असतो तर! पण त्यासाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर हवा." व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या वेळच्या रेडिओत असे ती काचेची निर्वात नळी. ती तापल्याशिवाय रेडिओ बोलत नसे. असा अँप्लिफायर महाग आणि जड असतो. शिवाय त्यात ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत विद्युत् दाब खेळत असतो. मग ज्याला तो परवडत नाही, त्याने उबदार स्वराची आशा सोडावी काय? हे ठरवण्यापूर्वी ही ऊब नेमकी कशात आहे ते शोधू या.

गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात व त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार कंप पावली की वेढ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेच्या नियमानुसार त्यांत विद्युत् लहर निर्माण होते. अँप्लिफायर ही दुबळी लहर मोठी करतो. परंतु प्रत्येक अँप्लिफायरला मर्यादा असते. लहर त्याहून मोठी होऊ पाहिली की तिचा माथा दबतो. साध्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये लहर मर्यादेपर्यंत सरळ वाढते आणि तेथे करवतीने कापावा तसा माथा तुटतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये मात्र मर्यादा जवळ येऊ लागताच लहर हळूहळू वाकते. सारे रहस्य या वाकण्यात आहे.

समजा, आत जाणारी लहर क्ष आणि बाहेर पडणारी य. हळूहळू वाकणाऱ्या अँप्लिफायरसाठी एक सोपे सूत्र घेऊ: य = क्ष − (क्ष चा घन ÷ ३). क्ष च्या जागी कोनाचा साइन घाला. ३० अंशाला य येतो ०.४५८, ६० अंशाला ०.६५० आणि ९० अंशाला ०.६६७. पाहिलेत? शेवटच्या ३० अंशांत लहर जवळजवळ वाढलीच नाही. माथा गोलसर दबला.

आता त्रिकोणमितीतील एक सूत्र आठवा. साइनचा घन म्हणजे, तिप्पट साइनमधून तिप्पट कोनाचा साइन वजा करून चाराने भागणे. ते वरच्या समीकरणात घाला. य मध्ये मूळ स्वर ३/४ उरतो आणि तिप्पट कोनाचा १/१२ भाग नव्याने येतो. म्हणजेच, गिटारच्या पाचव्या तारेचा स्वर ११० हर्ट्झ असेल, तर ३३० हर्ट्झचा एक नवा स्वर जन्मतो. त्याची उंची मूळ स्वराच्या १/९ असते. ११० हर्ट्झला षड्ज मानले, तर ३३० हर्ट्झ हा वरच्या सप्तकातील पंचम. म्हणूनच तो कानाला गोड लागतो!

याउलट, माथा इतका कापला की लहर पूर्ण चौकोनी झाली, तर तिसऱ्या पटीचा स्वर १/३, पाचव्याचा १/५, सातव्याचा १/७ अशी लांबलचक रांग लागते. त्यांतला ७७० हर्ट्झचा सातवा स्वर कोमल निषादाच्याही थोडा खाली राहतो व सप्तकात नीट बसत नाही. असे अनेक उंच स्वर मिळून आवाज कर्कश होतो. लहरीची वरची व खालची बाजू कमीजास्त दबली, तर २२० हर्ट्झसारख्या सम पटीही मिळतात. त्यांनी आवाज भरीव वाटतो.

तेव्हा ऊब नळीच्या उष्णतेत नाही, ती वक्राच्या आकारात आहे. तो आकार दुसऱ्या कशाने देता आला, तर व्हॉल्व्हवाचून काम भागेल. सिलिकॉन डायोड हे काम करतो. सुमारे ०.६ व्होल्टच्या आसपास तो वाहू लागतो, पण तोही एकदम नव्हे, तर क्रमाक्रमाने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या आयबानेझ कंपनीने 'ट्यूब स्क्रीमर' नावाची छोटी पेटी काढली. तिच्यात असे डायोड परस्परांच्या उलट दिशेने, अँप्लिफायरच्या बाहेरून आत परतणाऱ्या वाटेवर जोडलेले असतात. लहर मोठी झाली की डायोड वाहू लागतात, विवर्धन कमी होते आणि माथा गोलसर दबतो. हे सारे ९ व्होल्टच्या बॅटरीवर! आज संगणकही हेच करतो. तो सेकंदाला ४४,१०० वेळा लहर मोजून प्रत्येक आकडा वरच्यासारख्या सूत्रात घालतो.

एवढे करूनही पेटी थेट घरच्या स्टीरिओला जोडली, तर आवाज बोचरा येतो. का बरे? कारण गिटारचा १२ इंची कर्णा साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे देतच नाही. उरलासुरला कर्कशपणा तोच गाळतो. स्टीरिओ मात्र सारे ऐकवतो. मग गाळणी आपणच लावायची. ३.३ किलोओहमचा रोध आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र यांनी सुमारे ४,८०० हर्ट्झच्या वरचे स्वर कमी होऊ लागतात. असे दोन टप्पे लावले तर अधिक चांगले. ही गाळणी डायोडच्या आधी लावली तर चालेल का? नाही. उंच स्वर डायोडांतच जन्मतात. जे अजून जन्मलेच नाही, ते गाळणार कसे?

एक ताकीद. कुतूहलापोटी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही उघडू नका. बंद केल्यावरही त्यातील धारित्रांत प्राणघातक भार राहू शकतो. प्रयोग करायचा तो बॅटरीवर, किंवा त्याहून सोपा म्हणजे आलेख कागदावर.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. य = क्ष + (क्ष चा वर्ग ÷ ५) याचा आलेख ० ते ३६० अंशांपर्यंत काढा. कोणता उंचवटा टोकदार होतो आणि कोणता बसका? साइनच्या वर्गाचे सूत्र वापरून, कोणता नवा स्वर जन्मला तेही शोधा. व्हॉल्व्ह न तापवता तुम्हाला ऊब सापडलेली असेल.