संगणकीय प्रश्नावली आणि मराठी उत्तर : पुनर्रचनेचा भाषिक विचार

शालेय शिक्षणाच्या 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाचा प्रारंभ ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाला. दिल्ली येथील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद त्याचे कार्य पाहते. अनेक भारतीय भाषांना सामावून घेणाऱ्या अशा मंचांमुळे एक प्रश्न उपस्थित होतो. शिक्षकांसाठी प्रश्नावली तयार करण्याचे साधन नव्याने रचताना, हिंदी व मराठी यांची लिपी एक म्हणून त्यांची गरजही एकच, असे मानता येईल काय?

बहुपर्यायी प्रश्नात ही अडचण जाणवत नाही. तेथे विद्यार्थी केवळ निवड करतो. 'रिकाम्या जागा भरा' या प्रकारात मात्र ती तत्काळ उघड होते. हिंदीत नामापुढील 'को' स्वतंत्र लिहिला जातो. मराठीत प्रत्यय नामाच्या सामान्यरूपास जोडून येतो. 'फूल' या शब्दाचे 'फुलाला' होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. तेव्हा 'ला' आधीच छापून त्यापूर्वी रिकामी चौकट ठेवल्यास विद्यार्थ्याने मूळ शब्द लिहावा की सामान्यरूप, हे संदिग्ध राहते. चौकट संपूर्ण पदाची असणे, हाच यावरील उपाय होय.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'आचाऱ्यास' या शब्दातील अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे नोंदविता येतो : स्वतंत्र 'ऱ' वर्णाने, अथवा साध्या 'र'नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. 'ॲ' या वर्णास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीची रीत 'अ'वर चंद्र देण्याची होती. दिसण्यात सारखी असलेली ही रूपे यंत्राला भिन्न वाटतात. याउलट, मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि हिंदी वळणाचा दंडयुक्त 'ल' डोळ्यांना भिन्न दिसतात, पण यंत्राला ते एकच आहेत.

म्हणून केवळ अक्षरशः तुलना करणे अन्यायाचे ठरते. पण सरसकट सवलतही इष्ट नव्हे. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूस; हा भेद पुसला गेल्यास परीक्षेचा हेतूच नष्ट होईल. साधनाने नोंदणीतील भेद स्वतः मिटवावेत. शुद्धलेखनातील भेदांपैकी कोणते स्वीकारावेत, हे प्रत्येक प्रश्नापुरते शिक्षकाने ठरवावे.

यात पणाला लागते ते केवळ गुणांचे गणित नव्हे. बरोबर लिहूनही चूक ठरलेला विद्यार्थी यंत्रावर नव्हे, तर स्वतःच्या भाषाज्ञानावर संशय घेतो. आणि कंटाळलेला शिक्षक बहुपर्यायी प्रश्नांकडे वळतो. अशा रीतीने मराठी लिहिण्याची कसोटीच परीक्षेतून मागे पडण्याचा धोका संभवतो.