देवावर भरवसा, हातात तराजू

निवृत्तीनंतर मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत, गाडी चालवायचं काम धरलं. इथले जुन्या वळणाचे मेनोनाइट स्वतःची मोटार बाळगत नाहीत. काळी घोडागाडी, नाहीतर सायकल. पण लांबच्या दवाखान्यात जायला भाड्याच्या गाडीत बसण्याला त्यांची हरकत नसते, त्यामुळे माझ्यासारख्या बाहेरच्या ड्रायव्हरला कायम बोलावणं. अशाच एका घरातल्या आजारी मुलाची ने-आण मी काही वर्षं केली. पंचविशी गाठायच्या आत तो गेला. त्याचं नाव लिहीत नाही. मोठेपणा मिरवणं त्या मंडळींना रुचत नाही. त्याच्या घरात जे शिकलो, ते लिहितो.

1. दोष कुणाच्या घराण्याचा, हे विचारू नये.
मेनो सायमन्स हा नेदरलंड्समधला धर्मगुरू. 1536 मध्ये त्यानं कॅथलिक चर्च सोडलं. त्याच्या नावावरून मेनोनाइट पंथ ओळखला जातो. युरोपात छळ झाल्यावर अठराव्या शतकात यांची थोडी कुटुंबं इथे येऊन वसली, आणि पिढ्यानपिढ्या सोयरिका आपसातच होत राहिल्या. त्या थोड्या पूर्वजांबरोबर एक सदोष जनुकही आलं. त्यातून होतो तो ‘मेपल सिरप युरिन डिसीज’, या मुलाचा आजार. बाळाच्या लघवीला आणि कानातल्या मळाला जळक्या साखरेसारखा वास येतो. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं शरीराला पचवता येत नाहीत. साठलेलं ल्युसीन मेंदूवर उठतं. एरवी सुमारे 1,85,000 बाळांमागे एकाला होणारा हा आजार या मेनोनाइटांत सुमारे 380 मागे एकाला होतो. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. आपल्याकडे अशा वेळी ‘हे तुमच्याकडून आलं’ सुरू होतं. त्या घरात तो विषय मी कधी ऐकला नाही.

2. देवाची इच्छा मानणारा माणूस ग्रॅमचा हिशेब सोडत नाही.
दुभत्या गायींचं घर. टेबलावर मांस, चीज, अंडी, सगळं घरचं, पण त्या तीन आम्लांनी भरलेलं. आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर एक छोटा वजनकाटा. त्या मुलाचे बटाटे, त्याचे वाटाणे त्यावर मोजायचे, आकडा पेन्सिलीनं वहीत लिहायचा, मग ती तीन आम्लं वगळून केलेल्या पावडरचं उग्र वासाचं पेय प्यायचं. आई वाटाण्याचे चार दाणे काढायची, काटा बघायची, दोन परत टाकायची. त्यानंतर सगळे माना खाली घालून मुक्यानं प्रार्थना करत. आधी वजन, मग प्रार्थना. क्रम मोडलेला मी पाहिला नाही. दैवावर हवाला ठेवणं म्हणजे हात झटकणं, ही माझी समजूत त्या टेबलाशी गळून पडली.

3. ‘साधा ताप’ सगळ्यांना साधा नसतो.
तो सायकली दुरुस्त करायचा आणि दिसायला ठणठणीत होता. पण ताप, उलटी, उपास यांत शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, त्यातून ल्युसीन सुटतं, आणि काही तासांत मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून त्याची आई त्याचं बोलणं कान देऊन ऐकायची. जीभ अडखळली किंवा चालताना तोल गेला, की फोन. दीर्घ आजाऱ्याच्या घरच्यांना ‘तुम्ही उगाच घाबरता’ म्हणू नये. काय पाहायचं, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

4. पैशाचा भार वाटून घ्यायची सोय आधीच करून ठेवावी.
ही मंडळी विमा कंपनीकडे जात नाहीत. आजारपणाचा खर्च आपल्या चर्चच्या मदतनिधीतून भागवतात. पूर्वी अशी मुलं लांब फिलाडेल्फियाला न्यावी लागत, आणि बरीच दगावत. 1989 मध्ये डॉ. होम्स मॉर्टन आणि कॅरोलाइन मॉर्टन यांनी इथेच, स्ट्रासबर्गला, ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ सुरू केलं. त्याची लाकडी इमारत उभी केली ती मेनोनाइट आणि त्यांच्यासारख्याच जुन्या वळणाच्या आमिश पंथाच्या शेजाऱ्यांनी, स्वतःच्या हातांनी. या क्लिनिकसाठी दरवर्षी लिलाव होतात. बायांनी शिवलेल्या गोधड्या, सुतारांनी केलेलं फर्निचर बोलीला ठेवतात, आणि शेजारीच ते चढ्या भावानं घेतात. कुणी कुणावर उपकार केल्याचा आव आणत नाही.

5. रोग्याचा ‘नको’ समजून घ्यावा, पटला नाही तरी.
2004 पासून पिट्सबर्गला या आजारावर यकृत प्रत्यारोपण होऊ लागलं. नवं यकृत बसलं, की माणूस सगळ्यांसारखं जेवतो. काढलेलं यकृतही वाया जात नाही. ज्याला हा आजार नाही अशा दुसऱ्या रोग्याला ते चालू शकतं. त्या मुलाच्या समाजातल्या काहींनी प्रत्यारोपण करून घेतलं होतं. त्यानं मात्र नको म्हटलं. मोठी शस्त्रक्रिया आणि जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. “हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे,” तो गाडीत म्हणाला. त्यानं करून घ्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्यानं दोन्ही बाजू माझ्यापेक्षा नीट तोलल्या होत्या, हेही खरं.

6. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नये.
एका हिवाळ्यात उलट्या लागल्या, मेंदूला सूज चढली, आणि या खेपेला ती उतरली नाही. आईबापांना मी दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा गायींची धार काढून झालेली होती. कुणी काढली, ते कुणी सांगितलंही नाही. साधी लाकडी पेटी, घोडागाड्यांची लांब रांग, दफनानंतर सगळ्यांचं जेवण. रांधणारे हात शेजारचेच. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी रिकामं होतं. तिथे रविवारी कुणी ना कुणी येऊन बसणं पुढे कितीतरी महिने चाललं.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर एक काम नेमून घ्या: दर मंगळवारी औषधं आणणं, धाकट्याला शाळेतून घरी सोडणं, महिन्यातून एक रात्र उशाशी जागणं. विचारत बसू नका. आणि माणूस गेल्यानंतरही, तुमचा वार आला की जा.