पेशीतील पहारेकरी

भोर आणि वेल्हे हा डोंगरी किल्ल्यांचा मुलूख आहे. भोरजवळ रोहिडा किल्ला आहे. वेल्ह्याच्या बाजूला तोरणा आणि राजगड आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे. शत्रू बाहेरची भिंत ओलांडून आला, तरी आतली भिंत त्याला अडवी.

मुलांनो, आपल्या शरीरातील पेशी हाही एक किल्लाच आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगांशी लढतात, हे तुम्हांला माहीत आहे. पण एड्सचा विषाणू, म्हणजे एच.आय.व्ही., या सैनिकांच्याच पेशींत शिरतो. मग तिथे त्याला कोण अडवणार?

पेशीच्या आतही पहारेकरी असतात. ती एक प्रकारची प्रथिने आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ॲपोबेक-३जी. २००२ साली शास्त्रज्ञांना त्याचे काम कळले. नवा विषाणू तयार होताना हा पहारेकरी गुपचूप त्यात शिरून बसतो. तो विषाणू पुढच्या पेशीत गेला, की आपल्या आर.एन.ए.वरून डी.एन.ए.ची नक्कल करू लागतो. त्या वेळी पहारेकरी नकलेतील अक्षरे बदलतो. ‘घोडे आणा’ या हुकुमाचे ‘घडे आणा’ झाले, तर फौज लढणार कशी? विषाणूचे तसेच होते.

पण विषाणूही काही कमी नाही! त्याच्याजवळ व्हिफ नावाचे प्रथिन आहे. पेशी आपल्या टाकाऊ प्रथिनांवर खूण करते आणि त्यांचे तुकडे करते. व्हिफ तीच खूण पहारेकऱ्यावर करवते. मग पेशी आपल्याच रक्षकाला मोडून टाकते. किल्लेदाराच्या हातून त्याचाच पहारेकरी मारवावा, तसे हे आहे.

टेथेरिन नावाचा दुसरा पहारेकरी बाहेर पडणाऱ्या विषाणूंना पेशीला बांधून ठेवतो. त्यालाही व्हीपीयू हे प्रथिन दूर करते.

आता एक नवल ऐका. उत्तर भारतात लाल तोंडाची माकडे आढळतात. त्यांच्या पेशींतील ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन एच.आय.व्ही.ला आत येताच रोखते. हे २००४ साली समजले. आपल्यातही हे प्रथिन आहे, पण ते फारसे उपयोगी पडत नाही. त्याची एकच कडी बदलली, तर तेही विषाणूला रोखू लागते, असे पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसले!

पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आज एच.आय.व्ही.वरची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती विषाणूची वाढ थांबवतात, पण जन्मभर घ्यावी लागतात. व्हिफला आवरून आपल्या पहारेकऱ्याला वाचवील, असे औषध मात्र अजून रुग्णांच्या हाती आलेले नाही. त्याचा शोध चालू आहे.