गप्पी माशाचा फीडबॅक

आमच्या ताडकळसला (ता. पूर्णा, जि. परभणी) हौदात गप्पी मासे सोडतात ते डासांच्या अळ्या खाण्यासाठी. पण हौदाशी पाच मिनिटं थांबून बघा. रंगीत नर अळ्यांपेक्षा मादीच्याच मागे जास्त! अंग इंग्रजी 'एस'सारखं वाकवून तो तिच्यासमोर थरथरतो. हा नाच उपजत आहे, कुणी शिकवत नाही. पण कुणापुढे नाचायचं, हे तो अनुभवाने शिकतो.

गप्पी मूळचा त्रिनिदाद बेटाकडचा. तिथे काही ठिकाणी त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी प्रजाती राहते. अ‍ॅन मॅगरन आणि इंदर रामनारीन यांनी २००४ साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या नरांचा त्या प्रजातीशी कधी संबंध आला नव्हता, ते आधी दोन्हीकडच्या माद्यांपुढे नाचले. काही दिवसांतच मात्र ते आपल्या प्रजातीच्या माद्यांकडे वळले.

कंट्रोल सिस्टीममध्ये आपण शिकतो तेच हे : आउटपुट बघून इनपुट बदला. नाचण्यात वेळ जातो, ताकद जाते, शिवाय शत्रूच्या नजरेत येण्याची भीती. फळ नाही तिथे नाच कमी. एवढ्या शिकण्याला मोठा मेंदू लागत नाही.

गप्पी काही संत नाही. संधी मिळाली तर तो न नाचता जबरदस्तीही करतो. त्याला फक्त आपली मेहनत वाचवायची असते. आपल्याला तर समोरचीचं मनही कळू शकतं. तरी पिक्चरमधला हिरो नकार मिळाला की दुप्पट जोराने मागे लागतो, आणि होस्टेलवरची काही पोरं त्यालाच गुरू मानतात! अरे, तिने उत्तर न देणं हेही उत्तरच असतं.