खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीस शैवालकप्प्याची जोड

कोकणातील जुन्या घरांच्या परसात मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते, तेथे अळू किंवा केळ लावण्याची रीत आहे. मोरीचे पाणी साचून राहिले तर दुर्गंधी सुटते. तेच पाणी अळवाच्या मुळांना मिळाले तर पाने फोफावतात आणि परस स्वच्छ राहते. प्रस्तुत पाठात जी पद्धत सांगावयाची आहे, तिचे मूळ तत्त्व हेच होय. फरक इतकाच, की येथे मोरीच्या जागी खाऱ्या पाण्यातील माशांची टाकी आहे आणि अळवाच्या जागी समुद्रशैवाल आहे.

समुद्री शोभिवंत मासे टाकीत वाढविण्याचा धंदा किनाऱ्यावरील कुटुंबांना जोडधंदा म्हणून करता येण्याजोगा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशाच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले आहे. महाराष्ट्र शासनाने 2017 साली सुरू केलेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतही शोभिवंत मत्स्यपालनाचा अंतर्भाव आहे. परंतु या धंद्यात पाणी राखणे हेच खरे काम होय. प्रजननक्षम जोडी तयार होण्यास कित्येक महिने लागतात. पाणी बिघडले तर ती एका रात्रीत हातची जाते. म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घेऊन मग शेतकरी बंधुभगिनींना सांगावा.

पाणी का बिघडते?

माशांना घातलेल्या खाद्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्र असते. माशाची विष्ठा, त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया आणि न खाल्लेले खाद्य यांच्या रूपाने बरेचसे नत्र पाण्यात उतरते. अमोनिया माशांना घातक आहे. टाकीतील दगड, वाळू व गाळणी यांवर वाढणारे उपयुक्त जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते; परंतु ते आपोआप नाहीसे होत नाही. ते दिवसेंदिवस साचत जाते. खाद्यातील स्फुरदाचीही तीच गत होते. मग काचेवर व दगडांवर नको असलेले शेवाळ माजते, आणि नाजूक जीव खंगू लागतात.

यावर पाणी बदलणे हा रूढ उपाय आहे. पण पावसाळ्याचे चार महिने खाडीच्या व किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता उतरलेली असते व ते गढूळही असते. अशा वेळी विकतचे समुद्री मीठ वापरून पाणी तयार करावे लागते. खुल्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 100 लिटर पाण्यास साधारणतः साडेतीन किलो मीठ लागते. हा खर्च कमी करण्यास शैवाल उपयोगी पडते.

शैवालकप्पा म्हणजे काय?

मुख्य टाकीखाली एक तळटाकी ठेवून तिच्या एका कप्प्यात मुद्दाम समुद्रशैवाल वाढवावयाचे, यास शैवालकप्पा म्हणावे. मत्स्यपालक यास रेफ्युजियम म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ आश्रयस्थान असा आहे. शैवालाच्या जाळीत कोपेपॉडसारखे सूक्ष्म जलचर माशांपासून सुरक्षित राहून वाढतात व त्यांची पैदास पाण्याबरोबर मुख्य टाकीत जाऊन माशांना ताजे खाद्य मिळते, म्हणून हे नाव पडले.

शैवाल आपल्या वाढीसाठी अमोनिया, नायट्रेट व स्फुरद पाण्यातून शोषून घेते. येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. शैवालाने शोषलेले नत्र शैवालाच्या अंगात असते. ते टाकीबाहेर गेलेले नसते. काढणी केली तरच ते बाहेर जाते. काढणी न करता शैवाल कुजू दिले, तर सारे नत्र पुन्हा पाण्यात येते.

रचना

तळटाकीचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात मुख्य टाकीचे पाणी उतरावे व तेथे गाळ अडावा. दुसरा भाग शैवालाचा. तो मुख्य टाकीच्या आकारमानाच्या 10 ते 20 टक्के असावा. तिसऱ्या भागातून पंपाने पाणी वर चढवावे. दुसऱ्या व तिसऱ्या भागांच्या मध्ये जाळी बसवावी, म्हणजे शैवालाचे तंतू पंपात अडकणार नाहीत. शैवालकप्प्यातील पाणी तासाला चार-पाच वेळा बदलेल इतका प्रवाह ठेवावा.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतील व नळीतील काही पाणी खाली उतरते. तेवढे पाणी मावेल इतकी जागा तळटाकीत मोकळी ठेवावी. टाकी भरल्यावर प्रथमच पंप मुद्दाम बंद करून ही परीक्षा घ्यावी.

शैवालाची निवड

नवशिक्यांनी कीटोमॉर्फा हे हिरवे तंतुमय शैवाल घ्यावे. गुंतलेल्या सुतळीच्या गुंडीसारखे ते दिसते. त्यास रुजण्यासाठी वाळू लागत नाही, ते मोकळे तरंगते आणि हाताने सहज काढता येते. ग्रासिलारिया हे तांबडे शैवालही चांगले. शैवाल खाणाऱ्या माशांना ते घालता येते. उल्वाची पातळ हिरवी पाने वेगाने वाढतात, पण तुकडे होऊन जाळीत अडकतात.

कॉलर्पा दिसण्यास सुंदर असले तरी ते टाळावे. त्यास ताण पडला किंवा त्याची वाढ पक्व झाली म्हणजे ते आपल्या अंगातील सर्व द्रव्य जननपेशींच्या रूपाने एकदम पाण्यात सोडते व स्वतः पांढरे पडते. पाणी गढूळ होऊन प्राणवायू कमी पडतो आणि मासे गुदमरतात.

बेणे विश्वासू संवर्धकाकडून घ्यावे. मालवणच्या सागरी अभयारण्यातून किंवा अन्य संरक्षित क्षेत्रातून ते उपटून आणू नये. आणलेले बेणे वेगळ्या भांड्यात काही दिवस ठेवून त्यात खेकडे, गोगलगायी वा अन्य उपद्रवी जीव नाहीत ना हे पाहावे. 100 लिटरच्या कप्प्यास आरंभी पाव किलो बेणे पुरे होते.

प्रकाश व निगा

साध्या पांढऱ्या, सुमारे 6500 केल्विन प्रकाशाच्या एलईडी दिव्याने काम भागते. दिवा रोज 12 ते 14 तास, आणि तोही मुख्य टाकीचा दिवा विझल्यावर, म्हणजे रात्री लावावा. रात्री सर्व जीव श्वसन करतात, त्यामुळे पाण्यात कर्बाम्लवायू वाढतो व सामू उतरतो. त्याच वेळी शैवालास प्रकाश मिळाला तर ते हा वायू शोषून प्राणवायू सोडते आणि सामूतील चढउतार कमी होतो.

विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास, तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस आणि सामू 8.1 ते 8.3 राखावा. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून उणीव गोड्या पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

काढणी

लसूणघास जसा वेळच्या वेळी कापला म्हणजे पुन्हा जोमाने फुटतो, तसेच शैवालाचे आहे. कप्पा भरत आला की, म्हणजे साधारणतः आठवड्या-पंधरवड्याने, एक तृतीयांश शैवाल काढावे. बाहेरची जुनी गुंडी काढून आतील ताजे तंतू ठेवावेत. पाणी निथळवून वजन करावे व वहीत नोंदवावे.

हिशेब

समजा, एका महिला बचत गटाची 1000 लिटरची टाकी आहे व तीत रोज 40 टक्के प्रथिनांचे 10 ग्रॅम खाद्य पडते. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नत्र धरले, तर रोज 0.64 ग्रॅम नत्र टाकीत येते. त्यातील चौथा हिस्सा माशांच्या अंगी लागला असे मानल्यास सुमारे 0.48 ग्रॅम पाण्यात उतरते. आठवड्यास ते 3.4 ग्रॅम होते. नायट्रेटच्या रूपात मोजल्यास दर लिटरला सुमारे 15 मिलिग्रॅम.

आता आठवड्यास अर्धा किलो ओले शैवाल काढले, तर वाळल्यावर ते सुमारे 50 ग्रॅम भरेल. त्यात 2 ते 3 टक्के नत्र धरल्यास 1 ते 1.5 ग्रॅम नत्र टाकीबाहेर गेले. म्हणजे भार साधारणतः एक तृतीयांशाने हलका झाला. जेथे आठवड्यास 300 लिटर पाणी बदलावे लागे, तेथे 200 लिटर बदलून तीच पातळी राखता येईल. दर आठवड्यास साडेतीन किलो, आणि पावसाळ्याच्या 16 आठवड्यांत सुमारे 56 किलो मीठ वाचेल. दिव्याच्या विजेचा खर्च यातून वजा करावा आणि मगच लाभ किती ते ठरवावे. शैवाल पाणी बदलण्याचे काम हलके करते, ते अजिबात बंद करीत नाही, हेही यावरून स्पष्ट होते.

सावधगिरी

1. शैवालाची वाढ खुंटली तर युरिया किंवा अन्य खत टाकीत कदापि घालू नये. त्यापासून अमोनिया तयार होऊन मासे मरतील. प्रथम प्रकाश व प्रवाह तपासावा.

2. तांबेयुक्त औषध या टाकीत वापरू नये. त्याने शैवाल व सूक्ष्म जलचर नष्ट होतात. आजारी माशास वेगळ्या टाकीत उपचार करावेत.

3. वीज दीर्घकाळ गेल्यास अंधारात शैवालही प्राणवायू वापरते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. पांढरे पडलेले वा कुजणारे शैवाल तत्काळ काढावे.

4. काढलेले शैवाल खाडीत, ओढ्यात किंवा समुद्रात टाकू नये. कॉलर्पाची एक जात 1984 मध्ये मोनाकोच्या किनाऱ्यालगत आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. तीच जात 2000 साली कॅलिफोर्नियातील एका खाजणात सापडली. तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यास 2006 साल उजाडले. आपल्या खाडीवर तिसऱ्या-कालव्यांचा व मासळीचा धंदा करणारी अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. शैवाल गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे व कंपोस्टच्या खड्ड्यात थोडे थोडे मिसळावे.

प्रात्यक्षिक

कार्यकर्त्यांनी सभेत केवळ भाषण न करता हा प्रयोग दाखवावा. एकाच टाकीतील जुने पाणी दोन सारख्या काचेच्या बरण्यांत भरावे. एकीत मूठभर कीटोमॉर्फा घालावे, दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही बरण्या उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवाव्यात. पहिल्या दिवशी व आठव्या दिवशी तपासणी संचाने दोन्हींतील नायट्रेट मोजून लोकांसमक्ष आकडे फळ्यावर लिहावेत. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी रंगातील फरक पाहिला, त्यांना अधिक सांगावे लागणार नाही.

ज्या घरी टाकी आहे तेथे एक वही ठेवण्याचा आग्रह धरावा. रोजचे खाद्य, आठवड्याचे नायट्रेट, बदललेले पाणी आणि काढलेले शैवाल, या चार रकान्यांत धंद्याचे आरोग्य कळते. नायट्रेट आठवड्यामागून आठवडा चढत असेल तर प्रथम खाद्य कमी करावे, मग काढणी वाढवावी. मासा बोलत नाही. त्याच्या वतीने ही वहीच बोलते.