नर्तकाचे पाऊल : दुखापत, उपचार आणि आपली जबाबदारी

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या तरुण भिक्खूची कथा येते. श्रीमंत घरात वाढलेला सोण राजगृहाजवळील सीतवनात चंक्रमण करीत असे. अतिउत्साहाने तो इतका चालला, की तळवे फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. पुढे त्यांनी त्याला वहाणा घालण्याची अनुज्ञाही दिली. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही धम्माची शिकवण येथे थेट पायाच्या तळव्यापर्यंत पोहोचते.

आम्हांस हा पाठ उशिरा कळला. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या तयारीत नववीतील एका विद्यार्थिनीने नडगी दुखत असल्याचे सांगितले होते. ‘कार्यक्रमापुरते सोस,’ असे आम्ही म्हणालो. ती सोसून नाचली आणि टाळ्याही मिळाल्या. नंतरच्या तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक चीर आढळली आणि दोन महिने तिचे धावणे, नाचणे बंद झाले. दोष तिच्या नशिबाचा नव्हता. तो आमच्या अज्ञानाचा होता. म्हणूनच हा लेखप्रपंच.

गणपतीपुळे परिसरात भाद्रपद आला की वाडीवाडीत जाखडी उभी राहते. मध्ये गायक, ढोलकी आणि झांज, तर भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. वर्षभर मुंबईत बैठे काम करणारा चाकरमानी गावी उतरतो आणि रात्र रात्र अनवाणी नाचतो. शेणाने सारवलेल्या मातीच्या अंगणाची जागा आता अनेक ठिकाणी सिमेंटने व लाद्यांनी घेतली आहे. प्रत्येक ठेक्याचा धक्का टाच, नडगी, गुडघा आणि कंबर यांना सोसावा लागतो. अशा श्रमाने हाडांत व स्नायुबंधांत सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. इजा भरून येण्याआधीच नवा भार पडला, तर दुखणे सुरू होते. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडे मात्र सावकाश. म्हणूनच अचानक वाढवलेला सराव हे दुखापतीचे एक मोठे कारण आहे.

प्रतिबंधाचे उपाय खर्चिक नाहीत. कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी एक दिवसाआड थोडा सराव सुरू करावा आणि तो हळूहळू वाढवावा. प्रारंभी दहा मिनिटे चालणे, सांधे फिरवणे व हलक्या उड्या घेऊन अंग गरम करावे. स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम नाचून झाल्यावर करावेत. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलणे व सावकाश खाली आणणे, एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळणे आणि भिंतीला पाठ टेकवून अर्धी बैठक घेणे हे तीन व्यायाम वसतिगृहात सहज होतात. उडीनंतर गुडघे किंचित वाकवून, पावलाच्या रेषेत ठेवून उतरावे. पोटभर अन्न आणि पुरेशी झोप हीही औषधेच होत. नाचणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबली, तर ते अपुऱ्या आहाराचे व हाडे कमकुवत होण्याचे लक्षण असू शकते. पालकांनी संकोच न करता डॉक्टरांना विचारावे.

घोटा मुरगळल्यास पहिले दोन-तीन दिवस तेल लावून रगडणे आणि शेकणे टाळावे. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावावा, ताणपट्टी बांधावी व पाय उंचावर ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर नाच तत्काळ थांबवावा. पुढचा मार्ग भौतिकोपचारतज्ज्ञ दाखवतात : प्रथम हालचाल, मग बळ, मग तोल, मग उडी आणि शेवटी नृत्य. वेदना थांबली म्हणजे पाय बरा झाला असे समजू नये. तोलाची जाण परत आली नसेल, तर तोच पाय पुन्हा मुरगळतो.

इतिहासाचे अध्यापक म्हणून एक गोष्ट आम्ही येथे नोंदवू इच्छितो. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर भर कार्यक्रमात प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील लाभाच्या विधेयकाचे समर्थन केले होते. गिरणीतील स्त्रीला जी विश्रांती हक्काची, ती फडावरच्या स्त्रीला का नसावी? नृत्य हा श्रम आहे आणि नर्तक हा श्रमिक आहे. त्याच्या सहनशीलतेचे गोडवे गाऊन त्याच्या शरीराची काळजी घेण्याचे कर्तव्य आपल्याला टाळता येणार नाही.

सोणाच्या कथेचा शेवट येथे सांगणे अगत्याचे आहे. वहाणांची अनुज्ञा एकट्यासाठी घेण्यास त्याने नकार दिला; संघातील सर्वांना मिळणार असेल तरच आपण त्या वापरू, असे तो म्हणाला. तथागतांनी ती सर्वांना दिली. शहरांतील नृत्यसंस्थांना उपलब्ध असलेले हे ज्ञान वाडीतल्या रिंगणापर्यंत आणि आपल्या शाळेच्या रंगमंचापर्यंत पोहोचावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांची पावले तपासावीत. तयारीला लागलेले मूल ‘दुखतंय’ म्हणाले, तर त्याला प्रथम बसवावे आणि त्याचे ऐकून घ्यावे.